ओवीचं विरजण

कीर्तनात पेटीवर बसणाऱ्या माणसाची एक चैन असते. सगळे बुवांकडे बघत असतात, त्याच्याकडे कोणीच बघत नाही. त्यामुळे त्याला मात्र सगळे दिसतात. कृष्णाबाईच्या उत्सवात वाईच्या घाटावर मी वर्षानुवर्षं पेटी धरली. आधी माईंच्या कीर्तनाला, आणि माई गेल्यावर त्यांच्या मुलीच्या, मैथिलीच्या. दर उत्सवात एक क्षण असा यायचा की माझं बोट सुरावरच असायचं, पण नजर पहिल्या रांगेतल्या अण्णांकडे जायची.

तो क्षण दिव्याचा.

अण्णा वैशंपायन म्हणजे माईंचे यजमान. आज आपल्याकडची शाळेतली पोरं जी संगणकभाषा पहिल्यांदा शिकतात ती 'ओवी' अण्णांची. आणि धरणाच्या दरवाजांपासून एसटीच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे जी यंत्रणा आत बसून काम बघते, ती 'ओसरी'ही अण्णांचीच. संगणकाच्या दारात एकाच वेळी अनेक कामं येऊन उभी राहतात. कोणाला बसवायचं, कोणाला पाणी विचारायचं, कोणाला आत सोडायचं हे बघायला कोणीतरी लागतं. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. अण्णा म्हणाले होते, आपल्या घरांत हे काम ओसरी करते, मग दुसरं नाव कशाला शोधायचं?

या सगळ्याच्या जन्माचं आख्यान माईंनी रचलं होतं. साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण, घाटावरची त्याची भाड्याची खोली, समोर कारखान्यानं मोडीत काढलेला संगणक. सांज होते. एकाएकी दिवा विझतो. अंधारात पैंजण वाजतात, आणि साक्षात कृष्णामाई हातात रितं पात्र घेऊन दारात उभी राहते. ती त्या तरुणाशी दोन शब्द बोलते. दिवा परत लागतो तेव्हा ती नसते. पण तरुणाला भाषा सापडलेली असते. 'एकट्यानं, एका बैठकीत, कोऱ्या पाटीवर.' हे शब्द माई तीन वेगवेगळ्या सुरांत घ्यायच्या, आणि मग पद धरायच्या:

विझला गे दिवा, उजळला ठाव ।
अक्षराला नाव काळोखात ॥

मंडपात त्या वेळी पानाचा आवाज व्हायचा नाही. अण्णा उपरण्यानं डोळे टिपायचे.

मला एकदा शंका आली होती. तालमीत मी विचारलं, "माई, देवी द्यायला येते ना? मग तिच्या हातातलं पात्र रितं का?"

माई हसल्या आणि म्हणाल्या, "आख्यानात प्रश्न विचारू नयेत सदूभाऊ. पेटीची काळी चार धरा."

आख्यानाची कीर्ती झाली. मग पाचवीच्या पुस्तकात त्यावर धडा आला, चौकात 'ओवीचे जनक' असा फलक लागला, आणि हळूहळू तेच खरं झालं. माई गेल्या. पुढं अण्णांच्या आठवणी विरू लागल्या. आधी नावं गेली, मग गावं. कारखाना गेला, सहकारी गेले. राहिलं ते आख्यान. कोणी पाहुणा आला की अण्णा ते स्वतःची आठवण म्हणून सांगायचे. पैंजण, पात्र, काळोख, सगळं माईंच्या शब्दांत. भिंतीवरच्या माईंच्या फोटोकडे बोट दाखवून ते मला म्हणत, "या बाई फार सुंदर आख्यान लावतात. तुम्ही ऐकलंत का?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांचं बोलणं खोडू नका. आम्ही खोडत नव्हतो.

*

उत्सवाला थोडे दिवस राहिले होते. वैशंपायनांच्या माडीवर आमची तालीम चालली होती. मैथिलीनं कमरेला ओढणी खोचली होती, हातात झांज. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ अद्वैत पुण्याहून आला. तो तिथल्या एका संशोधन संस्थेत काम करतो. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "ताई, जरा पेटी थांबव."

"पेटी माझी नाही, सदूकाकांची आहे. त्यांना सांग. आणि आधी हातपाय धू."

मी भाता सोडला. काहीतरी जड घेऊन पोरगा आलाय हे दिसत होतं.

"कूळवेधचा निकाल आलाय," तो म्हणाला. "ओवीचा."

कूळवेध नावाच्या त्या यंत्राबद्दल पेपरात बरंच आलं होतं, पण मला ते कधी नीट कळलं नव्हतं. मी तसं सांगितलं. अद्वैत पाय धुऊन आला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं ते मला असं समजावलं.

माणूस ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो ती यंत्राला समजत नाही. यंत्राला त्याची स्वतःची बोली तेवढी कळते, शून्य आणि एकची. म्हणून मधे एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषा भाषांतर करताना माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं सगळं गाळतो. कोणी लिहिलं, कोणाकडून घेतलं, कोणाचे आभार, यातलं काही यंत्राच्या उपयोगाचं नसतं. अण्णांनी ओवीच्या मूळ प्रोग्रॅमच्या डोक्यावर मोठं नमन लिहिलं होतं म्हणतात. कीर्तनकाराच्या घरातलाच माणूस तो. पण मूळ प्रत केव्हाच नाहीशी झाली; चालू राहिलं ते भाषांतर, आणि त्यात नमन नाही.

"पण हात राहतो," अद्वैत म्हणाला. "काका, रेडिओवर कोण गातंय ते नाव सांगायच्या आधी तुम्ही कसं ओळखता?"

"समेवर कसा येतो त्यावरून. श्वास कुठं घेतो त्यावरून."

"झालं तर. प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचाही श्वास असतो. कोण चढता मोजतो, कोण उतरता. कोण जागा कशी मांडतो. ते भाषांतरातही पुसलं जात नाही. जगात जेवढे म्हणून जुने प्रोग्रॅम जपून ठेवलेत, तेवढे कूळवेधनं वाचलेत. कुठलीही ओळ दिली की ती कोणाच्या घराण्यातली, हे ते सांगतं."

"आणि ओवी कोणाच्या घराण्यातली?" मैथिलीनं विचारलं. तिचा आवाज सपाट होता.

"एका घराण्यातली नाहीच. आणि खरं सांगू का, कुठलीच नसते. हा दुभाषा जो आहे ना, तोही एक प्रोग्रॅमच. मग त्याचं भाषांतर कोणी केलं? त्याच्या आधीच्या दुभाष्यानं. त्याचं त्याच्या आधीच्यानं. असं मागं मागं जात..."

"म्हणजे विरजणच की," मैथिली म्हणाली.

"काय?"

"दही लावायला दही लागतं. पहिलं दही कुठून आलं ते विचारत बसलं तर दूध नासतं. आई म्हणायची."

अद्वैतनं मांडीवर थाप मारली. मग म्हणाला, "हे मी प्रबंधात लिहायला हवं होतं. हो, विरजणच. आणि पहिल्या वाटीतल्या जंतूंची पोरंबाळं आजच्या भांड्यात असतात, तसं आधीच्या दुभाष्याचं काहीबाही पुढच्यात उतरत जातं. कुठं लिहिलेलं नसलं तरी उतरतं. लोकांना मात्र एक बाप लागतो, एक रात्र लागते. लोक समजतात जावास्क्रिप्ट म्हणजे जावाची मुलगी. नाव बाजारात चालत होतं म्हणून लावलं, घर वेगळं. लोक समजतात युनिक्स पहिल्यापासून सी भाषेत लिहिली. ती आधी यंत्राच्याच बोलीत होती. सी मागून आली, मग तिच्यात पुन्हा लिहून काढली. आणि आपल्याकडे तर..."

"संस्कृत," मी म्हणालो. "संगणकाला सगळ्यात योग्य भाषा. अमेरिकेच्या अंतराळवाल्यांनीच सांगितलंय ना तसं?"

"त्यांनी सांगितलेलं नाही काका. तिथल्या एका संशोधकानं एकोणीसशे पंच्याऐंशी साली एक लेख लिहिला. आपल्या शास्त्रकारांनी वाक्याचा अर्थ ज्या रीतीनं उलगडला, तिचा यंत्राला ज्ञान शिकवताना उपयोग होईल, एवढंच त्याचं म्हणणं. पुढचं आपण घातलं."

मी जरा हिरमुसलो. मैथिलीनं ते पाहिलं. "काकांची एकादशी मोडलीस," ती म्हणाली. "आता मुद्द्यावर ये. निकालाचं काय करणार?"

"उत्सव झाला की संस्था प्रसिद्ध करणार. ओवी आणि ओसरी दोन्हीत निदान चार हात आहेत, अण्णा सोडून. त्या काळी हे लोक एकमेकांना मागून घ्यायचे, देऊन टाकायचे. त्यात चोरी कुठंच नाही. पण आपलं आख्यान काय सांगतं? 'एकट्यानं, एका बैठकीत, कोऱ्या पाटीवर.' या शब्दांपुढं तो निकाल ठेवला, की अण्णा काय ठरतील ते तूच सांग."

तिनं झांज खाली ठेवली.

"म्हणून म्हणतो, पेपरात यायच्या आधी तू कीर्तनाच्या गादीवरून सांग. आख्यान बदल."

"आईचं आख्यान?"

"अण्णांची अब्रू आहे, ताई."

"आणि अण्णांकडे आई किती उरलीय ते ठाऊक आहे तुला? तेवढंच आख्यान. तूच सांग, त्यातला दिवा काढून घेऊ?"

पोरं मोठी झाली तरी आईवरून भांडताना लहान होतात. मी उगाच पेटीच्या पट्ट्या पुसत बसलो.

*

तोडगा अद्वैतनंच काढला. तो म्हणाला, अण्णांचं बोलणं खोडायचं नाही ना, मग खोडत नाही. नुसतं वाचून दाखवतो.

अण्णा खाली झोपाळ्यावर होते. पायानं हलकेच झोका घेत होते. अद्वैत त्यांच्या शेजारी बसला. निकालाचा कागद त्यानं बाजूलाच ठेवला.

"अण्णा, एक माणूस आहे. तो नेहमी उलटा मोजतो. दहा, नऊ, आठ. कधीच चढता मोजत नाही."

झोपाळा चालत होता. अण्णा कुठंतरी बघत होते. मग पाय टेकला.

"याकूब," ते म्हणाले.

मैथिलीनं माझा दंड धरला.

"उसाच्या वजनकाट्यावर होता. आमच्या कारखान्यात. किती गाड्या झाल्या ते कोणाला हवंय म्हणायचा, किती उरल्या ते सांगा. त्यांनाच इंग्रजी येत नव्हतं ना, त्या काट्यावरच्या मंडळींना. पावती फाडायची तर यंत्र इंग्रजीत विचारणार. म्हणून तर मराठी भाषा करायला घेतली. याकूब शिकला. माझ्या आधी त्यालाच जमायला लागलं." अण्णा हसले. "ईदला शीरखुर्मा आणायचा. आहे का तो?"

"बघतो," अद्वैत म्हणाला. "दुसरं एक माणूस आहे. दोन कामांच्या मधे एक खोली रिकामी ठेवतं. काही कारण नसताना."

"कारण नाही कसं? पाहुणा आला तर?" अण्णांनी कोणा बाईंचा आवाज काढावा तसं म्हटलं. "लोबोबाई. बेळगावच्या. पुण्याला आम्हांला शिकवायच्या. वैशंपायन, कधीतरी कोणीतरी येईल, जागा ठेवा. शिव्या खाल्ल्यात मी त्यांच्या."

"आणि एक जण सरळ रस्ता असला तरी वळसा घालून जातो."

"त्याला मी पाहिलेलं नाही. ब्राझीलचा. टपालानं फ्लॉपी आली, त्याचा स्वतःचा दुभाषा होता तीत. सोबत चर्चचं चित्र असलेलं कार्ड. म्हणाला घ्या, वापरा, पुढं द्या. मी उलट टपाली त्याला ढोल्या गणपतीचं चित्र पाठवलं."

गेली कित्येक वर्षं अण्णा एवढं सलग बोलले नव्हते. डोळे लख्ख झाले होते. आपण चुकीच्या भीतीनं भीत होतो, असं मला वाटलं. माणसं खरी झाली म्हणून अण्णा लहान झाले नव्हते. उलट घरात वर्दळ झाली होती.

"आता शेवटचा हात," अद्वैत म्हणाला. "हा ओसरीत आहे. जगात दुसरीकडे कुठंच सापडत नाही. बाकीच्या यंत्रणा काम अडलं की जिथून उठल्या तिथंच परत जाऊन धडका देतात. ओसरी तसं करत नाही. अडलं की ती पार पहिल्या ओळीवर येते, आणि तिथून पुन्हा उठते. म्हणून ती कधी बंद पडत नाही. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस असं लिहीत नाही, अण्णा. हे कोणाचं?"

मला ते ऐकल्याबरोबर कळलं. मैथिलीला तर माझ्याआधीच कळलं होतं. तिनं ओठ दाबून धरले होते. कीर्तनकार प्रत्येक कडवं झालं की ध्रुवपदावर येतो. विसरला तर ध्रुवपदावर येतो, भरकटला तरी. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे पहिलं शिकवतात.

अण्णांनी झोपाळा पुन्हा सुरू केला. "ती देवी," ते म्हणाले. "दिवा विझला. पैंजण वाजले. हातात रितं पात्र होतं..."

"अण्णा," मैथिली त्यांच्या पायाशी बसली. "आई कुठं होती तेव्हा?"

"आई?" त्यांनी भिंतीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. मग आदरानं म्हणाले, "त्या बाई कीर्तन करतात."

*

उत्सवाच्या दिवशी घाटावर मांडव भरला होता. नदीपलीकडे कॅमेरे लावून चित्रीकरणवाले उभे होते. हल्ली आमचं कीर्तन परदेशातही जातं, आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्याच्या भाषेत उतरतं म्हणे. समितीचे दामले दोनदा येऊन बजावून गेले. "ताई, दिवा मात्र झाला पाहिजे हं. लोक दिव्याला येतात."

"दिवा होईल, दामलेकाका," मैथिली म्हणाली. ते वळल्यावर ती माझ्याकडे आली. नऊवारी, खांद्यावर उपरणं, कपाळाला बुक्का.

"काका, नारदाच्या गादीवर खोटं बोलू नये म्हणतात. आई बोलली का?"

"छे. माईंनी आख्यान लावलं. आख्यानात देव येणारच."

"हो. पण लोक आख्यान घरी नेताना देव ठेवतात आणि माणसं विसरतात." तिनं झांजेची दोरी बोटाला गुंडाळली. "अण्णांनी आईला असंच विसरून टाकलं. तिच्याच आख्यानात."

"मग आज सांगून टाक, की ती माईच होती."

"मला काय ठाऊक? मी जन्मले नव्हते. वाटतं, एवढंच. वाटतं ते तालमीत बोलायचं. गादीवर नाही."

मी पेटी उघडली.

तिनं नमन सुरू केलं. गणपती झाला, शारदा झाली, सद्गुरू झाले. इथं नमन संपतं. मी पूर्वरंगाच्या पदाचा सूर धरला, तर तिनं हातानं मला थांबवलं.

"आज नमन थोडं लांबणार आहे," ती श्रोत्यांना म्हणाली. "जुनी बाकी आहे म्हणा. ओवीच्या माथ्यावर अण्णांनी नमन लिहिलं होतं. यंत्राच्या दुभाष्याला ते निरुपयोगी वाटलं, त्यानं गाळलं. यंत्राचं एक वेळ ठीक आहे. आपणही गाळलं."

आणि तिनं एकेकाला हात जोडले. काट्यावरच्या याकूबभाईंना, जे उलटे मोजायचे. पाहुण्यासाठी खोली ठेवणाऱ्या लोबोबाईंना. वळसा घालून जाणाऱ्या, चर्चचं चित्र पाठवणाऱ्या ब्राझीलच्या त्या भल्या माणसाला. पूर्वरंगात तिनं विरजण निरूपणाला घेतलं. म्हणाली, शेजारी विरजण मागायला लाज नाही; लाज कशाची, तर दही आमच्याच घरी जन्मलं असं सांगण्याची. मंडप हसला. दामले कावरेबावरे झाले होते. बायका माना डोलवायला लागल्यावर तेही डोलवायला लागले. अद्वैत खांबाला टेकून उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मग हार झाला, बुक्का झाला, आणि उत्तररंग लागला. तरुण आला, खोली आली, मोडीतला संगणक आला. 'एकट्यानं, एका बैठकीत, कोऱ्या पाटीवर' हे शब्द तिनं गाळले. सांज झाली. तिनं हात वर केला, मंडपातले दिवे मंद झाले. पैंजण.

"दारात कोणीतरी उभं आहे," मैथिली म्हणाली. "हातात रितं पात्र आहे. माझी आई इथं कृष्णामाईचं नाव घ्यायची. मी आज घेणार नाही. परवा एका यंत्रानं सांगितलं, की ओसरीत एक हात आहे आणि तो जगात दुसरीकडे कुठंच नाही. अडलं की तो ध्रुवपदावर येतो. तो कोणाचा, मला ठाऊक नाही. मी गादीवर उभी आहे, ठाऊक नसलेलं सांगायची नाही."

ती थांबली. मी सूर धरून होतो. आता पद यायचं. तिनं धरलं.

विझला गे दिवा, उजळला ठाव ।
अक्षराला नाव काळोखात ॥

पुढचं कडवं घेईल म्हणून मी तयार होतो. तिनं घेतलं नाही. ती ध्रुवपदावर आली. पुन्हा तेच. तबलजीनं माझ्याकडे बघितलं; मी मान हलवली, चालू दे. ती श्रोत्यांसाठी गात नव्हती. ती पहिल्या रांगेत बघत होती आणि त्याच ओळीवर येत होती, पुन्हा पुन्हा, जसं अंधाऱ्या जिन्यात कोणाला हाक मारत राहावं. आवाज हळूहळू खाली आणला. शेवटी झांजही बंद केली. नुसतं 'विझला गे दिवा' उरलं.

अण्णांनी उपरणं डोळ्यांना लावलं नव्हतं.

"लाइट गेली होती," ते म्हणाले.

कीर्तनात श्रोत्यानं मधे बोलू नये असा दंडक आहे. कोणी चुळबुळ केली नाही. मैथिलीनं गाणं थांबवलं. मी सूर मात्र सोडला नाही.

"लाइट गेली, आणि माझं दिवसभराचं काम पुसलं गेलं. डोक्याला हात लावून बसलो होतो. शेजारच्या भिड्यांची मुलगी आली. वाटी घेऊन." अण्णांनी हाताची वाटी केली. "विरजण मागायला. म्हणाली, असे का बसलात, काही नासलं का? मी सांगितलं, भाषा करतोय. आणि भाषा करायला आधीची भाषा लागते, ती ब्राझीलहून आणलीय. म्हणाली, म्हणजे विरजणच की."

मैथिली गादीच्या कडेला आली.

"मी म्हटलं, पण ते सारखं अडतं आणि मी अडतो तिथंच डोकं आपटत बसतो. तर म्हणाली, अहो, अडलं की ध्रुवपदावर यावं. आमचे बाबा कीर्तनात तेच करतात. पुढं ओसरी केली तेव्हा तेच घातलं." अण्णांनी वळून मांडवभर बघितलं, आपण कोणाला हे सांगतोय ते आत्ताच कळल्यासारखं. मग मैथिलीकडे बघितलं. "इंदू. तुझी आई. गादीवर सांगायला लाजली असणार. म्हणून देवीला पुढं केलं तिनं."

मैथिलीला पुढं गाता आलं नाही. तेव्हा मंडपानंच पद उचललं. माईंचंच पद, एकही अक्षर न बदलता. मी पेटीवर मागं मागं जात होतो आणि मला त्या रित्या पात्राचं उत्तर मिळालं होतं, इतक्या वर्षांनी. देवी द्यायला आलीच नव्हती. मागायला आली होती, आणि मागता मागता देऊन गेली.

*

आरती झाली. कीर्तनकाराच्या पाया पडतात ते गादीच्या पाया पडतात, म्हणून बापही लेकीच्या पाया पडतो. अण्णा वाकले तेव्हा दर वर्षी मैथिली अवघडायची. या वर्षी तिनं त्यांना उठवलं आणि तशीच धरून उभी राहिली.

अद्वैत माझ्याजवळ आला. "काका, संस्थेच्या निकालात चौथा हात अनामिक म्हणून लिहिलाय. नाव घालू का? पुरावा म्हणून ते फक्त अण्णांचं बोलणं धरतील. उद्या अण्णांना आठवेलच असं नाही."

"नाव घाल," मी म्हणालो. "उद्या नाही आठवलं तर तुझी बहीण ध्रुवपदावर येईल."

प्रसादाला दहीभात होता. मैथिली स्वतः वाढत होती. पातेलं खरवडून शेवटचं दही ती कोणाच्या तरी पानात टाकायला निघाली, तसा अण्णांनी तिचा हात धरला.

"सगळं संपवू नकोस गं. वाटीभर ठेव. शेजारून कोणी मागायला आलं तर?"

मैथिलीनं वाटी भरली आणि झाकून ठेवली.